खोल समुद्रातील एक वाम



यंदाच्या मालेत आम्ही एक पुष्प गुंफावे असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा त्यांनी विषयही सुचविला होता. 'कामगार चळवळीपुढील आजचे प्रश्न' असा तो विषय होता. आमच्यासारख्या माणसाकडून दुसरे काय ऐकायचे, असे त्यांना वाटले असेल तर त्यात चूक काही नाही. परंतु त्या विषयावर आम्ही गेली तीस वर्षे धक्क्याधक्क्यांवर बोलत आलो आहोत आणि ऐकणारे कंटाळले नसले तरी बोलणारा मात्र अधूनमधून कंटाळतो. म्हणून आम्ही उलट टपाली विचारले की, एका माशावर बोललो तर चालेल काय? चिटणीस भले गृहस्थ. त्यांनी 'चालेल' म्हणून कळविले. मात्र खाली 'विषयाला धरून बोलावे' अशी एक ओळ घातली. ती ओळ आम्ही ध्यानात ठेवली आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. वडील मासळीच्या धक्क्यावर पाट्या वाहत; आम्ही तेराव्या वर्षी त्याच धक्क्यावर बर्फ फोडायला लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वस्तीतल्या मोफत वाचनालयात, रात्री नऊ वाजता दिवे मालवीपर्यंत. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाचे व्याख्यान नव्हे. श्रोत्यांत कोणी प्राध्यापक असतील तर त्यांनी चूक आढळल्यास उठून सांगावे, आम्ही रागावणार नाही.

वाम आपल्यापैकी मांसाहारी मंडळींना ठाऊक आहे. लांब, सापासारखी, खवले नसलेली, दातांची तीक्ष्ण. बाजारात तिचे तुकडे करूनच विकतात, कारण अख्खी वाम पुष्कळ गिऱ्हाइकांना पाहवत नाही. नदीतली वांब वेगळी, समुद्रातली वेगळी; पण कूळ एक. या कुळात आजपर्यंत शास्त्रज्ञांनी सुमारे हजार जाती मोजल्या आहेत. त्यांतल्या काही प्रवाळांच्या कपारीत राहतात, काही वाळूत पुरून घेतात, काही नदीतून समुद्रात जाऊन अंडी घालतात. आणि काही अशा आहेत की त्या कधी कोणा माणसाच्या ताटात आल्या नाहीत, कोणा कोळ्याने त्यांच्यासाठी जाळे विणले नाही. त्या खोल, अंधाऱ्या, गार पाण्यात जन्मतात आणि तेथेच मरतात. त्यांच्यातली एक आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

तिचे शास्त्रीय नाव 'कोलोकाँगर रॅनिसेप्स'. नावाला घाबरू नये. ते फोडले की सोपे होते. 'कोलोस' म्हणजे ग्रीक भाषेत आखूड, तोडका. 'काँगर' म्हणजे समुद्रातली वाम. लॅटिनमध्ये 'राना' म्हणजे बेडूक आणि 'सेप्स' हे डोक्याचे पद. म्हणजे बेडकाच्या डोक्याची आखूड वाम. आम्ही तिला सोयीसाठी बेडूकतोंडी वाम म्हणू. हे मराठी नाव आमचे आहे, कोळीवाड्यातले नव्हे. कोळीवाड्यात तिला नाव नाही, कारण ती कोळीवाड्यात कधी आलीच नाही.

ती सुमारे हातभर लांब होते, पन्नास सेंटिमीटरपर्यंत. इतर वामींच्या मानाने अंगाने आखूड आणि जाड. थोबाड बोथट, तोंड रुंद. वामींच्या कुळात एकंदरीने शेपटीचा भाग धडापेक्षा लांब. हिच्यात उलट, धड लांब आणि शेपटी तोडकी. वामींच्या सगळ्या गोतात सर्वांत कमी सापासारखे दिसणारे असे हे घराणे आहे. तिचा मुलूख मोठा. मादागास्करपासून श्रीलंका, अंदमान आणि पुढे तैवान, जपानपर्यंत, उष्ण कटिबंधातल्या समुद्रात ती सापडली आहे. मात्र तीनशे मीटरपासून अकराशे मीटरहून अधिक खोलीपर्यंत.

आता ही खोली म्हणजे काय, ते थोडे थांबून पाहिले पाहिजे. आम्ही धक्क्यावर वाढलो, पण समुद्र म्हणजे वरचे पाणी एवढेच आम्ही पंचविशीपर्यंत समजत होतो. उष्ण कटिबंधातला समुद्र आपण ऊबदार मानतो. वर तो आहेच. अंदमानच्या पाण्यात वरचे तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. पण हा उबारा गोधडीसारखा आहे, वरच्या शंभर-दीडशे मीटरांपुरता. त्याखाली पाणी झपाट्याने गार होत जाते; पाचशे मीटरवर ते सुमारे दहा अंशांवर येते आणि हजार मीटरवर त्याहूनही खाली. दोनशे मीटरच्या खाली उजेड नावापुरता उरतो. हजार मीटरखाली सूर्य असला काय आणि नसला काय, सारखेच.

आणि दाब. दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. हजार मीटरवर अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे शंभर किलोचे ओझे. म्हणजे आमच्या अंगठ्याच्या नखावर एक भरलेले पोते. पूर्वी धक्क्यावर माथाडी कामगार पाठीवर शंभर किलोचे पोते वाहत, तेही एक, दोन नव्हे. मग ही हातभर वाम चिरडत कशी नाही? आम्हांला हा प्रश्न अनेक वर्षे पडला होता. उत्तर साधे आहे. माशाचे शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. बाहेर जितका दाब तितकाच आत, म्हणून ओझे जाणवत नाही. दाबाने आकसते ती हवा. त्यामुळे खोल पाण्यातल्या माशाचे खरे संकट खाली नसते, वर येताना असते. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते त्यांना जाळ्यातून एकदम वर ओढले की ती हवा फुगते. पाचशे मीटरवरून वर येईपर्यंत सुमारे पन्नास पट होऊ पाहते. डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून बाहेर येते. खालचे प्राणी आपण पुस्तकात जे भेसूर पाहतो, त्यांतला काही भेसूरपणा त्यांचा नसतो, आपल्या ओढण्याचा असतो.

ओढण्याची गोष्ट निघालीच, तर ही वाम प्रथम वर कशी आली ते सांगतो. येथून आमच्या विषयाला खरी सुरुवात होते.

१८८१ साली मुंबईच्या गोदीत एक लाकडी आगबोट बांधली गेली. दोन बाजूंना चाके असलेली, पाणी मागे सारून चालणारी. तिचे नाव 'इन्व्हेस्टिगेटर'. सरकारने ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यांची मोजणी करण्यासाठी बांधली होती: कोठे किती पाणी, कोठे खडक, कोठे वाळूचा बांध. व्यापारी जहाजे बुडू नयेत आणि लढाऊ जहाजे अडू नयेत हा तिचा उद्देश. पण मोजणीच्या आगबोटीवर एक डॉक्टर लागतो, आणि त्या डॉक्टराने फावल्या वेळात समुद्रातले प्राणी गोळा करावेत अशी सोय केलेली होती. या जागेला 'सर्जन-नॅचरॅलिस्ट' म्हणत. १८८८ साली या जागेवर आल्फ्रेड विल्यम अल्कॉक नावाचा एकोणतीस वर्षांचा डॉक्टर आला, आणि १८८९ च्या डिसेंबरमध्ये त्याने लंडनच्या एका मासिकात बंगालच्या उपसागरातल्या व आसपासच्या समुद्रातल्या खोल पाण्याच्या माशांवर एक लेख लिहिला. त्या लेखात आपली बेडूकतोंडी वाम जगाला प्रथम भेटली. जातीचे नाव त्याने ठेवले आणि 'कोलोकाँगर' हे घराणेही त्यानेच उभे केले.

शास्त्रीय नावापुढे नाव ठेवणाऱ्याचे आडनाव आणि साल लिहिण्याचा रिवाज आहे. म्हणून जेथे जेथे या वामीचे नाव येते तेथे तेथे 'अल्कॉक, १८८९' असे येते. हे योग्यच आहे. ज्याने ओळखली, त्याचे नाव. पण आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आमच्या डोक्यात धक्क्यावरच्या माणसाला येणारा प्रश्न आला: ओढली कोणी?

खोल पाण्यातले जाळे म्हणजे गळ टाकून बसणे नव्हे. पाचशे वाव पाण्यात जाळे टाकायचे तर तारेचा दोर त्याच्या दुप्पट-अडीचपट सोडावा लागतो, नाहीतर जाळे तळाला टेकत नाही. वाव म्हणजे काय, हे नव्या मुलांसाठी सांगतो. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जे अंतर होते ते एक वाव, म्हणजे सहा फूट. खलाशी दोर छातीवरून हातांनी मोजत घेतो आणि तोंडाने आकडा म्हणतो, त्यावरून हे माप आले. साऱ्या समुद्रांची खोली ज्या मापाने नकाशावर लिहिली गेली ते माप खलाशाच्या छातीचे आहे. तर पाचशे वाव म्हणजे तीन हजार फूट. त्याला सात-साडेसात हजार फूट दोर. तो सोडायचा, आगबोट गोगलगाईच्या चालीने चालवायची, जाळे तळाच्या चिखलातून ओढायचे आणि पुन्हा तो सगळा दोर वर घ्यायचा. विंच वाफेवर चाले, हे खरे. पण वाफ कोळशावर चाले आणि कोळसा फावड्यावर. डेकवर येणारा दोर कोणाला तरी हाताळावा लागतो, ग्रीस लावावे लागते, पीळ पडला तर सोडवावा लागतो, आणि तुटला तर ज्याच्या अंगावर येतो त्याचे नशीब. आम्ही विंचवर काम केलेल्या माणसांचे हात पाहिले आहेत. दहा बोटांचा विंचवाला जुन्या काळी विरळाच. एका बोटीवरच्या आमच्या सभासदाची दोन बोटे तारेत गेली, तेव्हा भरपाईच्या अर्जावर मालकाच्या माणसाने 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला होता. तो शेरा पुसून घ्यायला आम्हांला चार वर्षे लागली. बोटीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही.

हिंदुस्थानी समुद्रातल्या सरकारी जहाजांवर खलाशी व आगवाले आपल्याच देशाचे असत. त्यांना लास्कर म्हणत, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल असत. आपल्या कोकणातल्या गावोगावच्या घरांत अशा जहाजांवर गेलेल्या पणजोबांच्या आठवणी निघतात. 'इन्व्हेस्टिगेटर'वर नेमकी कोण माणसे होती, त्यांची नावे आमच्या वाचनात आलेली नाहीत. माशांची नावे मात्र आहेत. आगबोटीचा कप्तान होस्किन. त्याचे नाव अल्कॉकने एका लांब शेपटीच्या माशाला दिले. मरीन खात्याचे संचालक हेक्स्ट. त्यांचेही नाव एका माशाला आहे. खुद्द आगबोटीचे नाव एका लाल कोळंबीच्या जातीला आहे. सारंगाचे नाव कशालाच नाही.

येथे एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. या प्राण्यांच्या चित्रांचे मोठे ग्रंथ १८९२ पासून कलकत्त्यास भाग-भागाने निघाले. ती चित्रे काढणारे दोघे बंगाली चित्रकार होते, चौधरी आणि मोंडल. दारूच्या बरणीत फिके पडलेले, मोडलेल्या काट्यांचे नमुने समोर ठेवून त्यांनी एकेक दात, एकेक शिर काढली आहे. छापील पानाच्या खाली त्यांची नावे आहेत. आम्ही ती पाने पाहिली तेव्हा माशापेक्षा त्या बारीक अक्षरांकडे अधिक वेळ पाहत राहिलो. म्हणजे नाव लिहिण्याची पद्धत त्या काळी नव्हती असे नाही. चित्रकाराचा हात दिसतो, दोराचा हात दिसत नाही, एवढेच.

आता या अल्कॉकविषयी. हा माणूस कोण होता हे शोधू लागलो तेव्हा आम्ही थक्क झालो. तो मुंबईत जन्मलेला, १८५९ साली, एका जहाजाच्या कप्तानाच्या पोटी. लंडनजवळ वाढला. पुढे बापाला पैशाची ठोकर बसली, आणि सतराव्या वर्षी शाळा सुटून तो हिंदुस्थानात परत आला, वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत. कॉफीचे दिवस फिरले. मग कलकत्त्याला एका आडत्याच्या कचेरीत. आणि मग, १८७८ ते १८८०, पुरुलियास. पुरुलियास तो काय करीत होता? आसामातल्या चहाच्या मळ्यांसाठी मजूर भरती करणारा एजंट होता.

श्रोतेहो, ही ओळ आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखातून माणसे कशी नेली जात, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना जास्त सांगायला नको. वर परवाना असलेला एजंट, खाली खेडोपाडी फिरणारे आरकाटी. हातावर उचल, कागदावर अंगठा, आणि मग आगगाडीने व नावेने असा मुलूख की जेथून परतीची वाट नाही. ज्या १८५९ साली अल्कॉक जन्मला त्याच सालचा तेरावा कायदा: उचल घेतलेला कामगार काम सोडून गेला तर त्याला कैद. दिवाणी नव्हे, फौजदारी. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. १८६५ च्या कायद्याने तर पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला दिला होता. या यंत्राचे एक लहानसे चाक म्हणून आमचा हा शास्त्रज्ञ दोन वर्षे फिरत होता.

आणि त्याच पुरुलियात त्याला एक पुस्तक मिळाले. ओळखीचे एक गृहस्थ मागे ठेवून गेलेले, मायकेल फॉस्टर यांचे शरीरशास्त्राचे लहानसे प्राथमिक पुस्तक. शाळकरी मुलांसाठी लिहिलेले. ते वाचून हा वीस वर्षांचा एजंट जागा झाला. त्याने आणखी पुस्तके मिळविली, भरतीचे काम सोडले, दार्जिलिंगला एका शाळेत मास्तरकी केली, १८८१ साली ॲबर्डीनला जाऊन वैद्यकाला बसला आणि १८८५ साली डॉक्टर होऊन सैन्याच्या वैद्यकीय खात्यातून पुन्हा येथे आला. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. चार वर्षे समुद्रावर. मग कलकत्त्याच्या संग्रहालयाचा प्रमुख. १९०१ साली रॉयल सोसायटीचा सभासद. १९०२ साली त्या चार वर्षांवर एक सुरेख पुस्तक. १९०६ साली वरिष्ठांशी न पटल्यामुळे नोकरी सोडून तो विलायतेला गेला.

आता आम्ही काय करावे? हा माणूस आम्हांला आवडावा की नावडावा? एक लहान पुस्तक हाती पडून आयुष्य बदलले, ही गोष्ट आमच्या ओळखीची आहे. ज्या वाचनालयाचा उल्लेख आम्ही केला, तेथे आमच्याही हाती असेच एक पाने सुटलेले पुस्तक पडले होते. ते समुद्रावरचे होते, म्हणून तर आज आपण येथे वामीवर बोलत आहोत. त्या बाजूने पाहिले तर अल्कॉक आमचा भाऊबंद. पण पुरुलियाच्या ज्या कचेरीत बसून तो ते पुस्तक वाचीत होता, तिच्या ओसरीवर अंगठा देण्यासाठी बसलेली माणसेही आमचीच भाऊबंद. त्यांना कोणी पुस्तक ठेवून गेले नाही. आमच्या कार्यालयातला एक तरुण मित्र म्हणाला, अशा माणसाचे नाव माशापुढून काढून टाकावे. आम्हांला ते पटत नाही. त्याने वाम ओळखली हे खरे, आणि तो मजूर पाठवीत होता हेही खरे. एक खरे सांगण्यासाठी दुसरे पुसावे लागत असेल तर आपल्या सांगण्यातच काही खोट आहे.

असो. आपण पुन्हा पाण्यात जाऊ, कारण वामींच्या बालपणाची हकीकत सांगितल्याशिवाय तुम्हांला घरी पाठविणे अन्यायाचे होईल.

वामीचे पिल्लू वामीसारखे नसते. ते पानासारखे असते. चपटे, उभे, काचेसारखे पारदर्शक. इतके पारदर्शक की त्याच्या अंगातून खालचे छापील अक्षर वाचता येते. डोके अगदी इवलेसे. अंगात बहुतांशी पाणी आणि चिकट लगदा; रक्तात तांबड्या पेशी नसतात, म्हणून रंग नाही. समुद्राच्या वरच्या थरातून जो बारीक कचरा सतत खाली झडत असतो त्यावर ते जगते, आणि प्रवाहाबरोबर महिनोन् महिने वाहत जाते. अठराव्या शतकात वेल्सच्या किनाऱ्यावर असे एक पान प्रथम सापडले, तेव्हा ती माशाची वेगळी जात समजून तिला वेगळे नाव दिले गेले: 'लेप्टोसेफॅलस', म्हणजे बारीक डोक्याचा. शंभर वर्षे ती वेगळी जात राहिली. १८६४ साली गिल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने म्हटले की ही जात नव्हे, वामीचे पोर असावे. १८८६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर इव्ह डेलाज याने एक पान हौदात जिवंत ठेवले आणि डोळ्यांदेखत त्याची वाम झाली. बदलताना ते वाढत नाही, उलट आकसते. लांब पोर, आखूड तरणा.

या पानांनी शास्त्रज्ञांना एकदा चांगलेच चकविले. १९३० साली डेन्मार्कच्या 'दाना' या संशोधन-जहाजाला दक्षिण आफ्रिकेजवळ असे एक पान मिळाले, ते तब्बल एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर लांब. साध्या काँगर वामीचे पान बोटभर-दीड बोट, आणि त्यातून माणसाएवढी वाम होते. मग माणसाएवढ्या पानातून काय होईल? त्रैराशिक मांडले तर समुद्रातला प्रचंड नाग! जुन्या खलाशांनी सांगितलेला. चाळीस वर्षे हा नाग कागदावर डोलत राहिला. १९७० साली स्मिथ नावाच्या संशोधकाने दाखविले की ही मोठी पाने वामींची नव्हेत, त्यांच्या दूरच्या नात्यातल्या काटेरी पाठीच्या माशांची आहेत, आणि ती मोठी झाल्यावर फारशी वाढत नाहीत. नाग गेला. आम्हांला स्वतःला थोडे वाईट वाटले.

आता आजची गोष्ट. गेल्या शतकाच्या अखेरीस, १९९९ च्या सुमारास, केरळच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांनी खोल पाण्यातली कोळंबी धरायला सुरुवात केली. कोल्लमच्या समोर, दोनशे-तीनशे मीटर आणि त्याहूनही खाली. कोळंबीला परदेशात भाव आहे. म्हणजे जे जाळे शंभर वर्षांपूर्वी एकच सरकारी आगबोट कधीमधी टाकीत होती, ते आता रोज रात्री टाकले जाते. कोळंबीबरोबर खोल पाण्यातले कितीतरी मासे वर येतात, त्यांत वामींच्या जातीही असतात. कोळंबी बर्फात जाते. बाकीचे काही मासळीच्या पिठाच्या कारखान्याकडे, आणि बरेचसे फावड्याने परत पाण्यात, मेलेले. अल्कॉकने ज्या एका नमुन्यासाठी अर्धा दिवस दोर सोडला, तसे नमुने फावड्याखाली जातात.

आम्ही यात खलाशाला दोष देणार नाही. बारा-बारा, चौदा-चौदा तास उभा असलेला माणूस मासा निरखीत बसत नाही. शिवाय त्याच्याही हातावर उचलच असते. हंगामाच्या आधी पैसे घ्यायचे, हंगामभर फेडायचे, आणि मध्येच बोट सोडली तर हिशेब अंगावर. तेरावा कायदा गेला, पण उचल गेली नाही. आज आपल्या कोकणात रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी मुले आहेत, इतरत्र ओडिशाची, झारखंडची आहेत. ज्यांच्या पणजोबांनी समुद्र पाहिला नव्हता ती मुले आज समुद्राच्या तळाचा चिखल हातात घेतात.

त्यांतल्याच एकाशी आमची दोन वर्षांपूर्वी भाऊच्या धक्क्यावर गाठ पडली. झारखंडचा मुलगा, पुरुलियापासून त्याचे गाव काही फार लांब नाही. तो आधी दोन हंगाम कोल्लमकडच्या बोटीवर होता. हिशेबाचे भांडण घेऊन आमच्याकडे आला होता. भांडणाचे कागद दाखविता दाखविता त्याने मोबाइलवरची चित्रे सरकविली, आणि मध्येच एक मासा दिसला. आखूड, जाड, रुंद तोंडाचा. आम्ही त्याचा हात धरला. 'हे काय?' म्हणून विचारले. तो म्हणाला, "काका, हा खालचा आहे. वरचा नाही." वरचा नाही हे कशावरून? तर म्हणाला, हातात घेतला की कळते; वरचा मासा ऊबदार लागतो, हा बर्फासारखा लागतो. जाळे वर आले की आधी चिखलात हात घालायचा. चिखल गार असला तर कोळंबी मोठी मिळते आणि हे मासे येतात, कोमट असला तर नाही. हे त्याला कोणी शिकविले नव्हते. पाणी खोल गेले की गार होते हे आम्ही पुस्तकात वाचले, त्याने तळहाताने वाचले.

तो मासा बेडूकतोंडी वामच होता असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. चित्र रात्रीचे, विजेच्या उजेडातले, आणि मासा फावड्याच्या कडेला अर्धा झाकलेला. घराणे तेच असावे असे वाटले. मासा ठेवला होता काय, असे विचारले तर तो हसला. ठेवायचा कोठे? बर्फ कोळंबीचा.

मग आम्ही हिशेबाचे कागद बाजूला केले आणि त्याला आठवेल तितके विचारून घेतले. महिना कोणता, बंदर सोडून किती तास, विंचवरून तार किती सोडली होती, चिखल काळा की हिरवट, बरोबर आणखी काय आले. तारेचा आकडा त्याला तोंडपाठ होता, कारण तार मोजण्याचे काम त्याचेच होते. हे सगळे आम्ही युनियनच्या वहीत, त्याच्या थकलेल्या पगाराच्या आकड्याखाली, त्याच्या नावासकट लिहून ठेवले आहे. पगाराचे प्रकरण अजून चालू आहे. वही आज बरोबर आणली आहे. प्राणिशास्त्राच्या मंडळींपैकी कोणाला पाहायची असेल तर त्यांनी व्यासपीठाशी यावे.